माझ्या चौकोनात चित्र नाही

मित्रांनो, एक काम करा. क, ख, ग, घ म्हणा. म्हटलंत? आता पुढचं म्हणा. बघा, अडलात! काही जण 'अंग' म्हणाले असतील, काही जण खोकले असतील, आणि बाकीचे सरळ च वर उडी मारून मोकळे झाले असतील. तर तुम्ही ज्याच्यावरून उडी मारलीत ना, तो मी. ङ. लाकडाचा, तळहाताएवढा, निळ्या ऑइलपेंटचा, वय वर्षं एकतीस. मुक्काम पोस्ट पत्र्याचा डबा, जिल्हा परिषदेची शाळा, विट्यापासून सात-आठ किलोमीटर.

माझा जन्म वडूजचा. आमच्या शाळेत तेव्हा जोतिबा गुरुजी होते आणि ते वडूजहून यायचे. त्यांनी तिथल्या नाथाजी सुतारांना सांगून दाराच्या चौकटीतून उरलेल्या सागवानाची सगळी मुळाक्षरं करून घेतली. नाथाजी एकेक अक्षर कोरायचे, काचकागदानं घासायचे आणि उन्हात ठेवायचे. माझी पाळी आली तेव्हा ते थांबले.

"गुरुजी, ह्यो कशाला? ह्याचा कंचा शब्द व्हतोय?"

"एकट्याचा नाही होत."

"मग लाकूड कशाला नासायचं? त्यात दोन ग बसत्यात. ग लय लागतो."

गुरुजी म्हणाले, "नाथाजी, घरात एक जण कमी बोलतो म्हणून त्याचं ताट मांडत नाहीत का?"

नाथाजींनी मला कोरलं. माझं टिंब वेगळं करून डिंकानं बसवलं. पण मनातून त्यांना ते पटलं नव्हतं, हे माझ्या पाठीकडं बघितलं की कळतं. बाकीच्यांच्या पाठी गुळगुळीत आहेत. माझी अजून खरखरीत आहे.

शाळेत भिंतीवर तक्ता होता. प्रत्येक अक्षराला एक चौकोन आणि चौकोनात चित्र. कमळ, खार, गाजर, घर. माझ्या चौकोनात चित्र नव्हतं. नुसता मी. पहिल्यांदा मला वाटलं की चित्रकार जेवायला गेला असेल, येऊन काढेल. तो आला नाही. मग मी वाट बघणं सोडलं. सोडलं म्हणजे रुसून वगैरे नाही हां. एखादा पाय खूप वेळ मुडपून बसलं की आधी मुंग्या येतात आणि नंतर पाय आहे की नाही तेच कळत नाही. तसं झालं.

गुरुजी मुलांना सांगायचे, "पंखा म्हणा. शंख म्हणा. अंगण म्हणा. यात मधे जो आवाज येतो ना, तो याचाच. फक्त लिहिताना आपण टिंब देतो." मुलं वर पंख्याकडं बघायची. म्हणजे काम माझं आणि हजेरी टिंबाची! पण ठीक आहे. गुरुजी निवृत्त झाल्यावर तेवढंही सांगणारं कोणी राहिलं नाही.

माझी नोकरीची वर्षं म्हणाल तर दोन. आमचा ड कुठंतरी हरवला होता. मग माझं टिंब अंगठ्याखाली झाकून मला ड म्हणून चालवलं. डबा, डोंगर, डाळिंब! त्या दोन वर्षांत मी जेवढ्या शब्दांत गेलो तेवढ्यांत ना आधी गेलो ना नंतर. मग प्लास्टिकचा ड आला आणि मी डब्यात परत. त्यानंतर वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मला फटीत सारलं. कागद उडू नयेत म्हणून हजेरीपटावर ठेवलं. वर्गात टीव्ही लागला, त्यात अक्षरं नाचत गाणी म्हणायला लागली, आणि आम्हा लाकडी मंडळींचा डबा कपाटाखाली गेला. मला वाईट वाटलं का? नाही. काहीच वाटलं नाही.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की मागच्या जूनमध्ये जे झालं ते तुम्हाला नीट कळावं.

आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करणं. कोणी सेलमला, कोणी मदुराईला, कोणी कोलकात्याला, कोणी पार गुवाहाटीला. गावात मोठाले बंगले आहेत, स्टीलची गेटं आहेत आणि गेटांना कुलपं आहेत. मे महिन्यात कुलपं निघतात, गाव भरतं. जूनमध्ये गाड्या परत जातात आणि सहा वर्षांची झालेली पोरं तेवढी मागं राहतात, आजीपाशी, शाळेसाठी. आणि गावाचा एक नियम आहे. कागदावर कुठंच नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. नवीन आलेल्या पोराला दिवाळीपर्यंत आईबापाचा फोन द्यायचा नाही. आवाज ऐकला की पोर रडतं, जेवत नाही. फोन तोडला की रुळतं.

शिवांजली अशीच आली. सेलमहून. तिचे वडील धैर्यशील तिथं गलाईच्या दुकानात आहेत. आई धाकट्या बाळाला घेऊन तिकडंच. इथं आजी, बनाबाई, आणि सहा खोल्यांचा बंगला. दोघींना एक खोली पुरायची. बाकीच्या पाचांत ऊन तेवढं यायचं.

शाळेचा पहिला आठवडा होता. जुने सर बदलून गेलेले, नवीन मॅडम अजून आलेल्या नव्हत्या. शेजारच्या वर्गातले सर मधूनमधून डोकावायचे आणि एरवी त्याच खोलीत बसणारी चौथीतली स्वप्नाली हातात पट्टी घेऊन वर्ग सांभाळायची. मी त्या दिवसांत परत दाराच्या फटीत होतो, म्हणून सगळं ऐकलं.

स्वप्नालीनं तक्त्यावर पट्टी आपटली. "ए नवी, तू ऊठ. म्हण."

शिवांजली उठली. दोन वेण्या, नवा गणवेश, आणि आवाज असा खणखणीत की खिडकीतला कावळा उडाला. एका दमात म्हणाली, "क, ङ, च, ञ, ट, ण!"

मित्रांनो, ती चुकली नव्हती. सेलमच्या बालवाडीत असंच शिकवतात. तिकडं तमिळमध्ये ख, ग, घ साठी वेगळी अक्षरं नाहीत. तिकडं क झाला की लगेच मी. दुसऱ्या नंबरावर! आणि तिनं मला म्हटलं ते खोकल्यासारखं नाही, उडी मारल्यासारखंही नाही. नीट, नाकातून, ऐटीत.

इथं तुम्ही निबंधात लिहाल, 'मला अत्यानंद झाला.' नाही झाला. एकतीस वर्षांत कोणी बोलावलं नसेल तर पहिल्या हाकेला ती आपल्यालाच आहे हेही कळत नाही. मी दाराच्या फटीत होतो तसाच राहिलो.

आणि वर्ग हसला. बाकं वाजवून हसला.

"अगं ए, मधली सगळी खाल्लीस व्हय गं?" स्वप्नाली म्हणाली. "घरनं जेवून न्हाई आलीस का?"

"अक्षरखाऊ!" मागून कोणीतरी ओरडलं.

"परत म्हण की! परत म्हण, ह्यांनी ऐकलं न्हाई."

शिवांजली परत म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मग तिनं हजेरीला 'उपस्थित' म्हणणंही सोडलं, नुसता हात वर करायची. घरी आजीशीही बोलेना. भाकरी हवी तर ताट पुढं सरकवायचं, नको तर मागं.

जुलैत साक्षी मॅडम आल्या. त्यांनी या मुलीचा आवाज ऐकलाच नव्हता, त्यामुळं त्यांच्या लेखी ती पहिल्यापासून गप्पच. एक दिवस त्यांनी कपाटाखालून आमचा डबा काढला आणि मलाही दाराच्या फटीतून काढून त्यात टाकलं. प्रत्येकाला एक अक्षर द्यायचं आणि त्यावरून शब्द सांगायचा, असा खेळ. वाटप स्वप्नालीकडं होतं. तिनं डब्यात हात घालून बरोबर मला शोधलं.

"हिला ह्यो द्या मॅडम. दोघं बी मुकी."

शिवांजलीनं मला घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, माझ्या टिंबावरून बोट फिरवलं. खेळ संपल्यावर सगळ्यांनी अक्षरं परत डब्यात टाकली. मी तिच्या स्कर्टच्या खिशात होतो. कोणी मोजलं नाही. मला कोण मोजणार!

तेव्हापासून रोज मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या टाकीमागं जायची. तिथं गवत आणि खिचडीची धुतलेली पातेली. ती मला बाहेर काढायची, गुडघ्यावर ठेवायची आणि हळूच म्हणायची, "क, ङ, च, ञ." मग तमिळमध्ये काहीबाही सांगायची. मग मराठीत. तिला मराठी छान येत होतं की! घरी आई-वडील मराठीच बोलायचे. "आज भेंडीची भाजी व्हती. मला न्हाई आवडत. अम्मा करती तशी नसती." असलं. मी ऐकायचो. ऐकायचो म्हणजे तिथं होतो. लाकडाच्या तुकड्यानं आणखी काय करायचं?

बनाबाई मात्र घाबरल्या होत्या. त्यांनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. विट्याच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, घसा चांगला आहे, वेळ द्या. पण शेजारपाजार डॉक्टरपेक्षा हुशार. 'बनाबाई, पोरीची वाचा गेली. मिरजेकडं मुक्या पोरांची शाळा हाय, राहायची सोय हाय, तिथं शिकिवत्यात.' धैर्यशीलनं फोनवर विचारलं, "आई, तिच्याशी बोलू दे की एकदा." बनाबाई म्हणाल्या, "दिवाळी हुंदे. आता आवाज ऐकला तर हाय ते बी जेवायची न्हाई." पोरगी दाराशी उभी होती. मी खिशात. फोन बंद झाला.

सप्टेंबरच्या अखेरीला बनाबाई फॉर्म घेऊन शाळेत आल्या. त्या मिरजेच्या वसतिगृहाचा. त्यात एक ओळ होती: विद्यार्थिनी बोलू शकत नाही, वर्गशिक्षकांची सही. एवढी सही झाली की सोमवारी शिवांजली जाणार. आधी आईपासून, आता आजीपासूनही.

मॅडमनी फॉर्म दोनदा वाचला. "आजी, पक्कं ठरलंय?"

"काय करू बाई? चार महिनं झालं. मला तर घरात मुकी भिंत हाय का पोरगी हाय तेच कळंना. मी किती दिस पुरणार? तिथं निदान हातवाऱ्यानं तरी बोलंल."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मी शिवांजलीच्या मुठीत होतो आणि मूठ खिशात होती. तिची बोटं एवढी आवळली की माझ्या खरखरीत पाठीनं तिच्या तळहातावर रेघा उमटल्या असणार. ती बोलू शकत होती. मला माहीत होतं, तिला माहीत होतं. पण बोलायचं थांबवलं की ते परत सुरू कुठून करायचं, हे सापडत नाही. हे मी एकतीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो.

"मॅडम, सही नगा करू."

स्वप्नाली उभी राहिली होती.

"का गं?"

"ती बोलती."

मॅडमचं पेन फॉर्मवर थांबलं.

"कधी ऐकलंस?"

"रोज ऐकती. टाकीमागं. त्या लाकडाशी बोलती. तिच्या खिशात हाय बघा."

"रोज? आणि तू आज सांगतेस?" मॅडमचा आवाज चढला. "तुला कळतंय का, ही मुलगी कुठं निघाली होती ते?"

स्वप्नाली फरशीकडं बघत म्हणाली, "मी आले तवा माझं बी कुणी सांगितलं न्हाई."

"तू कुठून आलीस?"

"गुवाहाटीस्नं. पयलीत. मला बी फोन न्हवता दिवाळीपतोर. मी बी गप बसल्ते. मग बोलाय लागले." ती थांबली. "तिकडचं तेवढं गेलं."

"म्हणजे?"

"आसामी. मला लय येत हुतं मॅडम. शेजारच्या पोरींबर भांडाय बी येत हुतं. आता एक शब्द येत न्हाई. आणि हिला येतंय सगळं, म्हणून हसले मी. पयल्यांदा मीच हसले."

तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. ती दुकानातून काय काय आणलं ते सांगावं तसं सांगत होती. मला ते ओळखीचं वाटलं. तो मुडपलेला पाय.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "आजी, सेलमचा नंबर द्या."

"आवं बाई, दिवाळी न्हाई झाली अजून! सगळ्या गावाची रीत हाय ती. आमी काय पोरीचं वाईट चितितोय व्हय?"

"नाही हो आजी, वाईट नाही. पण आता तरी ती कुठं नीट जेवते?"

बनाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग त्यांनी स्वतःचाच छोटा फोन पुढं केला. "दोनचं बटन दाबून धरा. सूनबाईला लागतो."

मॅडमनी स्पीकर लावला आणि फोन शिवांजलीच्या बाकावर ठेवला. तीनदा वाजला.

"हॅलो? आत्या? शिवू बरी हाय ना? ...हॅलो?"

वर्गातली बावीस मुलं बाकांवरून पुढं वाकली. शिवांजली फोनकडं बघत होती. पलीकडं बाळ कुरकुरत होतं, मागं कुठल्याशा गाडीचा भोंगा वाजत होता.

"हॅलो? कोण हाय? बोला की..."

आई फोन ठेवणार असं वाटलं. शिवांजलीनं मला खिशातून काढलं आणि बाकावर फोनशेजारी ठेवलं. आणि म्हणाली, "अम्मा, इथं क च्या पुढं ख म्हणत्यात."

पलीकडं बाळाची कुरकुर लांब गेली, आईनं त्याला खाली ठेवलं असावं.

"मला म्हाईत न्हवतं. मी ङ म्हणलं. सगळी हसली. मग मी न्हाई म्हणलं परत."

"मग काय म्हणलीस राजा?" आईनं विचारलं.

"काहीच न्हाई. मला वाटलं, तू इचारशील तवा सांगावं. तू इचारलंच न्हाईस."

बनाबाई खाली बसल्या. बाकावर नाही, फरशीवरच. "येवढंच व्हय गं बाय? येवढ्यासाठी चार महिनं?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण लगेच स्वतःच मान हलवून म्हणाल्या, "न्हाई. येवढंसं न्हाई ते."

पुढं शिवांजली आणि तिची आई पंधरा मिनिटं बोलल्या. अर्धं मराठी, अर्धं तमिळ. बाळाला दात आला होता. खालच्या मजल्यावरच्या पाटीनं, म्हणजे तिकडच्या आजीनं, शिवूला विचारलं होतं. वर्गात कोणी हसलं नाही. एकानं हळूच विचारलं, "काय म्हणती ती?" तर स्वप्नालीनं त्याला कोपर मारलं. "तुला काय करायचंय रं? तिच्या आईशी बोलती ती."

फॉर्मवर सही झाली नाही. बनाबाईंनी त्याची बारीक घडी केली आणि जाताना विचारलं, "बाई, ह्याचं आता काय करू?" मॅडम म्हणाल्या, "चूल पेटवा." "आमच्याकडं ग्यास हाय," बनाबाई म्हणाल्या आणि चार महिन्यांत पहिल्यांदा हसल्या.

आता बनाबाईंच्या घरी रोज संध्याकाळी सहाला फोन लागतो. पहिले तीन-चार दिवस शिवांजली खरंच रडली, जेवली नाही. बनाबाई म्हणाल्या, रडू दे, निदान आवाज तरी येतोय. गावातल्या बाकीच्या घरांनी नियम सोडला का? दोन घरांनी सोडला. बाकीचे म्हणतात, बघू.

दिवाळीला गावी आलेल्या स्वप्नालीच्या वडिलांनी गुवाहाटीतल्या जुन्या शेजारणींना एकदा व्हिडिओ कॉल लावून दिला. त्या पोरी खूप बडबडल्या. स्वप्नाली फोन धरून नुसती बघत होती. शेवटी तिनं हात हलवला आणि फोन वडिलांकडं दिला. ते परत येईल का, मला माहीत नाही. हे सांगताना मला काहीतरी होतंय, पण त्याला काय म्हणतात ते मला कोणी शिकवलेलं नाही.

मला शिवांजलीनं अजून परत केलेलं नाही. मॅडमना माहीत आहे. त्या मागत नाहीत.

तर मित्रांनो, माझ्यासाठी काही मागत नाही. मला पुसा, रंगवा, कपाटात मांडा, असलं काही नको. पण या जूनमध्ये तुमच्या वर्गात एखादं पोर लांबून येईल. ते तुमच्यापेक्षा वेगळं काहीतरी म्हणेल आणि तुम्हाला हसू येईल. हसू येणारच, त्याचं काही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी त्याला विचारा की तुमच्याकडं हे कसं म्हणतात. आणि ते गप्पच राहिलं, तर त्याला मुकं ठरवू नका. त्याच्या घरी जा आणि त्याच्या आजीला सांगा, ह्याच्या आईला फोन लावा.

आजी आधी नाहीच म्हणतील. दारातून हलू नका.